मदत हवी आहे: डॉमिनो डॅमसेलच्या टाकीत फायरफिश टिकेल का?

सोलापुरात घरी चार फुटी, साधारण २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आत एक डॉमिनो डॅमसेल (भांडखोर जातीचा मासा) आणि एक मरून क्लाउन (क्लाउनफिशची एक जात). क्लाउन आपल्या कोपऱ्यात खूश, पण डॉमिनोला सगळी टाकी स्वतःचीच वाटते.

दोन आठवड्यांपूर्वी फायरफिश (लहान, भित्रा मासा) सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिल्टरच्या पाइपमागे चिकटलेला, शेपटी अर्धी कुरतडलेली. आता टाकीतच भोकं पाडलेल्या डब्यात ठेवलाय. खातो नीट, पण डॉमिनो दिवसभर डब्याला टकरा मारतो.

सोडण्याआधी डॉमिनोची हद्द मोडावी म्हणून दगडांची मांडणी बदलली होती, दिवेही बंद ठेवले होते. नंतर डॉमिनोने स्वतःच्या प्रतिबिंबाशीच भांडावं म्हणून काचेला आरसा लावला. तासाभरात त्याने आरशाकडे पाठ फिरवली.

पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अमोनिया-नायट्राइट शून्य, तापमान २६ (चिलर आहे, नाहीतर इथल्या उन्हाळ्यात काही खरं नाही). वर जाळी आहे, फायरफिश उडी मारतो म्हणून. दुसऱ्या टाकीला जागा नाही आणि डॉमिनो जाळं दिसताच फटीत घुसतो.

डॉमिनोला बाटलीच्या सापळ्यात धरून डब्यात ठेवला आणि फायरफिश मोकळा सोडला, तर किती दिवसांनी डॉमिनो परत सोडावा? की त्याला कायमचाच काढावा लागेल? कोणी प्रत्यक्ष केलंय का?