मदत हवी आहे : कांदा आणि जनरेटरची ट्रॉली वाहणाऱ्या पिकअपला जादा पाटा की हेल्पर पाटा?

नमस्कार मंडळी,

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. आमची एक पिकअप आहे. कांद्याच्या हंगामात ती गोण्या घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत जाते आणि लग्नसराईत धाकट्या भावाच्या मंडपाच्या कामासाठी दोन चाकांच्या ट्रॉलीवरचा जनरेटर ओढते. आरसीवर नोंदवलेल्या वजनापेक्षा जास्त माल मी भरत नाही आणि पुढेही भरणार नाही. प्रश्न एवढाच आहे की नोंदीइतका माल भरला तरी गाडी मागून फार बसते.

रिकाम्या गाडीत मागचा ॲक्सल आणि चासीखालचा रबरी बफर यांच्यात 95 मिमी अंतर भरते, तर 50 किलोच्या 24 गोण्या भरल्या की ते जेमतेम 20 मिमी उरते. ॲक्सलच्या नळीवर बफर आदळतो तिथला रंग रुपयाएवढा घासला असून आतले पोलाद चकाकते आहे.

मागच्या वर्षी एका कमानवाल्याने मागचे पाटे (ॲक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या कमानीच्या पोलादी पट्ट्या) उतरवून गॅसवर लाल केले आणि ठोकून पुन्हा कमान दिली. दोन महिने गाडी उंच राहिली, नंतर होती त्याहूनही खाली आली. कारखान्यात पाट्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, असे लाल करण्याने उतरते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. शिवाय त्याने पाटे ॲक्सलला बांधणारे जुनेच यू-बोल्ट परत आवळले. ते एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, आणि नवे घातले तरी काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, एवढे मी आता शिकलो आहे.

आता दुसरे मिस्त्री दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवा म्हणतात. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 8 मिमीऐवजी 9 मिमीचा पाटा घेतला तरी तो पाटा सुमारे 42 टक्के कडक होतो. म्हणजे परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी उड्या मारणार. त्यापेक्षा ठरावीक वजन आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा मला योग्य वाटतो.

माझी खरी काळजी मात्र ब्रेकची आहे. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका झडपेपर्यंत बारीक दांडी गेलेली आहे आणि गाडी किती बसली आहे त्यावरून ती झडप मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवते. पाटे कडक केले की भरलेली गाडीसुद्धा त्या झडपेला अर्धी रिकामीच वाटेल आणि मागच्या चाकांना दाब कमी मिळेल. मागच्या महिन्यात पुणे रस्त्यावर लांबोटीजवळ पुढच्या ट्रकने एकाएकी ब्रेक मारला तेव्हा भरलेली गाडी थांबवताना काय वाटते ते मी अनुभवले आहे, त्यामुळे या बाबतीत अंदाजाने काही करायचे नाही. मी विचारले तेव्हा दोन्ही मिस्त्री या दांडीबद्दल गप्पच राहिले.

ट्रॉलीचे गणित वेगळे आहे. हुक मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे आणि दोन ॲक्सलमधले अंतर 3 मीटर धरले, तर हुकावरच्या 100 किलोमुळे मागच्या ॲक्सलवर 140 किलो येतात आणि पुढचा ॲक्सल 40 किलोंनी हलका होतो. त्यामुळे पुढची चाके हलकी लागतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. जनरेटर ट्रॉलीवर थोडा मागे सरकवून हुकावरचा भार कमी करता येईल, पण तो फारच कमी केला तर ट्रॉली मागे डोलू लागते. तुमच्यापैकी कोणी हा भार प्रत्यक्ष काट्यावर मोजून ठरवला आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. हेल्पर पाट्याने मंजूर वजन वाढत नाही, हे मला मान्य आहे. तरीही असा पाटा बसवलेली गाडी ज्यांनी सोलापूर आरटीओत फिटनेसला नेली असेल, त्यांनी तिथे काय विचारले गेले ते कृपया लिहावे.

ज्यांनी हेल्पर पाटा बसवल्यावर ब्रेकची दांडी नव्याने जुळवून घेतली आहे, त्यांनी ते काम कोणत्या मापाने झाले, गाडी रिकामी ठेवून की भरून, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावे लागले की अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत ते नीट करणारे कोणी आहे, हे सांगितल्यास मोठी मदत होईल. तोवर मी 24 ऐवजी 16 गोण्याच भरतो आहे.