विषय: पुन्हा: उन्हाळी लोकसंगीत महोत्सव – कोकणातली कुठली मंडळी बोलवायची?

प्रेषक: अनघा (सांस्कृतिक समिती)

नमस्कार मंडळी,
पुढच्या उन्हाळ्यात आपल्या लंडनच्या मंडळासाठी मोठं मैदान घ्यायचं ठरतंय. वोमॅड या इंग्लंडमधल्या जागतिक संगीत महोत्सवासारखं, पण छोटेखानी. दशावतारी नाटक, जाखडी (सवाल-जवाबाचं नाच-गाणं), डबलबारी (दोन भजनीबुवांचा सामना), प्रत्येकी पाऊण तास. नानाकाका, तुम्ही रेडिंगला असताना वोमॅडला जायचात. आता कुडाळात आहात, तर तिथल्या दशावतारी नाटक कंपन्यांशी बोलाल का?

---

प्रेषक: नानाकाका, कुडाळ

अनघा,
बोलतो. पण आधी मैदानाचं भाडं कोण भरणार ते ठरवा. वोमॅडचा इतिहास तिथूनच सुरू होतो. पहिला महोत्सव जुलै 1982 मध्ये सॉमरसेटला शेप्टन मॅलेटजवळ झाला. इंग्लिश गायक पीटर गेब्रियलची कल्पना. बुरुंडीचे ढोलवाले, आयर्लंडचे चीफटन्स, शिवाय एको अँड द बनीमेनसारखे त्या वेळचे रॉकवाले. गाणं झकास, हिशेब भुईसपाट. घेणेकरी दारात आले. गेब्रियलने जेनेसिस हा बँड 1975 मध्येच सोडला होता, तरी जुने सोबती त्याच्यासाठी 1982 च्या 2 ऑक्टोबरला मिल्टन कीन्सला एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा कुठे देणं फिटलं. आपल्या मंडळाकडे असे जुने सोबती आहेत का? खजिनदारांना विचार.

इकडे जत्रेत दशावताराला तिकीट नाही. सोनुर्लीची माऊली घ्या नाहीतर वालावलचा लक्ष्मीनारायण, नाटकाची सोय देवस्थान आणि गाव बघतं. जेवण झालं की नट देवळामागे आपल्या ट्रंकेच्या झाकणावर आरसा टेकवून स्वतःच रंग लावत बसतात. हातात संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद रंगमंचावर जुळतात. सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रान, तोच पलंग. बाजूला पेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर येतो आणि मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेतो. मग आख्यान, आणि उजाडताना दहीहंडी फोडून दहिकालो.

याचे पाऊण तासाचे तुकडे करून काय दाखवणार? संकासुराला तर लोकांच्या खोड्या काढायलाच पाऊण तास लागतो.

---

प्रेषक: अनघा

काका, पण वोमॅडमध्येही प्रत्येकाला ठरलेला वेळच असतो ना? इथे दोन पिढ्या इंग्रजी बोलतात, रात्रभर कोण बसेल? हॉलवाले तर अकराला दिवे घालवतात. आणि जाखडीचं काय?

---

प्रेषक: नानाकाका, कुडाळ

वेळ ठरलेला असतो, पण कलेचा अंदाज घेऊन. 1985 मध्ये एसेक्सच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खाँना रात्री उशिराची वेळ दिली होती. समोर इंग्रज, शब्द एक कळत नव्हता, तरी लोक हलले नाहीत. कव्वालीला चढायला वेळ लागतो, तो तिला मिळाला. दुपारी दोनला उन्हात गायला लावलं असतं तर आज कोणी त्याचं नाव काढलं असतं का?

जाखडीला तुझा पाऊण तास चालेल. पण शक्तीवाले आणि तुरेवाले, हे तिचे दोन्ही पक्ष बोलव. एकच बाजू आणलीस तर सवालाला जवाब कोण देणार? डबलबारीचं तेच, दोन बुवा हवेत.

दशावताराला एक संध्याकाळ पूर्ण दे, सहा ते अकरा. मैदान नको, शाळेचा हॉल बघ, भाडंही झेपेल. आडदशावतार कापायचा नाही, एवढी एकच अट. मंडळात मालवणी येणारी चार माणसं आहेत, त्यांना पोरांच्या मधे बसवा.

तारखांचं मात्र सांभाळ. कार्तिकापासून जत्रा लागल्या की कंपन्या सापडायच्या नाहीत. जुलैत बरेच जण भातलावणीत गुंतलेले असतात. म्हणजे लावणी आटपल्यावर आणि चतुर्थीच्या आधी, एवढीच फट. चतुर्थीला मृदंगवाला लंडनलाच काय, कणकवलीलासुद्धा यायचा नाही. व्हिसाची पत्रं शिमग्याच्या आधी पाठवलीत तर मी पुढचं बघतो.