गाडीचा सेन्सर दोनदा बदलला, तरी पी०७२० आणि पी०७०० हे बिघाडाचे कोड परत का येतात?

प्रश्न (राळेगाव, जि. यवतमाळ)
माझी २००८ सालची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी सकाळी नीट चालते; परंतु वर्ध्याच्या वाटेवर अर्धा-पाऊण तास झाला, की स्पीडोमीटरचा काटा एकाएकी शून्यावर येतो, गिअर तिसऱ्यातच अडकतो आणि इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०५०० (गाडीच्या वेगाचा संकेत), पी०७२० आणि पी०७०० हे कोड दिसतात. मेकॅनिकने आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा वेग मोजणारा) दोनदा बदलला, कोड पुसले, तरी चार दिवसांत ते परत येतात. आता गिअरबॉक्स उघडावा लागेल, असे तो म्हणतो. कापूस विकला जाईपर्यंत हा खर्च मला झेपणार नाही.

उत्तर (आर्वी)
भाऊ, गिअरबॉक्स इतक्यात उघडू देऊ नका. पी०७०० हा स्वतंत्र बिघाड नसून गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनाच्या संगणकाला दिलेली वर्दी आहे. पी०७२० सुद्धा सेन्सर निकामी झाला असे म्हणत नाही. त्या सर्किटमधून येणारा संकेत पटण्याजोगा नाही, एवढेच तो सांगतो, आणि सर्किट म्हटले की वायर, कपलर (तारांची जोडणी) व अर्थिंगही त्यात आले. काटा आणि गिअर एकाच क्षणी बिघडतात, त्यावरून दोघांना वेग एकाच ठिकाणाहून मिळत असावा.

सेन्सर तीन तारांचा असेल, तर पुढचे एक चाक जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशन चालू करा. चाक हाताने हळूहळू फिरवले, की संकेताच्या तारेवरील व्होल्टेज वर-खाली झाले पाहिजे. दुसऱ्याने त्याच वेळी वायरिंग हलवून पाहावे. ही तपासणी गाडी तापलेली असतानाच करा, कारण थंड गाडीत हा दोष सापडणार नाही. आणि कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेमची, म्हणजे कोड आला त्या क्षणी संगणकाने साठवलेल्या आकड्यांची, नोंद उतरवून घ्या. आपल्या मेकॅनिकने दोन्ही वेळा पुरावाच पुसला.

उत्तर (हिंगणघाट)
गाडी कोठ्याजवळ, सोयाबीनच्या कुटाराशेजारी उभी राहते का? माझ्या गाडीत उंदराने बॅटरीखालची तार अर्धवट कुरतडली होती. ओल लागून आतले तांबे हिरवे पडले होते, पण वरून काहीच दिसत नव्हते. तशी तार सापडल्यास नुसती टेप गुंडाळू नका. सोल्डरने डाग देऊन वर हीट श्रिंक नळी (उष्णतेने आवळणारी) चढवा.

प्रश्नकर्ता
उंदीर नव्हता. शनिवारी वर्ध्याहून परतताच, गाडी गरम असतानाच तपासले. सायलेन्सरच्या पाइपजवळच्या वळणावर वायरिंग हलवताच व्होल्टेजची वर-खाली थांबली. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने आवरण काचेसारखे कडक झाले होते आणि आतली तार तुटून केवळ टेकलेली होती. तेवढा तुकडा बदलून वायरिंग पाइपापासून दूर बांधले. त्यानंतर दोनदा वर्ध्याला जाऊन आलो. कोड आलेला नाही. मूळ सेन्सर मेकॅनिककडून परत मागून घेतला आहे. तो बहुधा चांगलाच असावा.