मदत हवी आहे: बालसंगोपन आणि बालशिक्षण धोरणाच्या मसुद्यावर सूचना कशा लिहायच्या, बडोदा

प्रतापनगर_मंडळ

नमस्कार. बडोद्यातल्या प्रतापनगर-वाडी भागातल्या मराठी महिला मंडळातर्फे विचारते आहे. अंगणवाडी, बालवाटिका, पाळणाघरं यांबद्दल सरकारी मसुदा येतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि आपल्यापर्यंत बातमी पोचते तेव्हा मुदत संपत आलेली असते. पुढचा मसुदा दिल्लीचा असो की गांधीनगरचा, तो येईल तेव्हा आमची तयारी आधीच झालेली हवी. मंडळात निवृत्त शिक्षिका आहेत, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आया आहेत, घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या दोघी आहेत.

कायद्याने किती दिवस मिळतात? काय लिहिलं की सूचना खरंच वाचली जाते? सह्यांची मोहीम काढावी का? आमचं गुजराती बोलणं चांगलं आहे, लिहिणं कच्चं, तर मराठीत पाठवलं तर चालेल का? आणि पाठवल्यानंतर त्याचं काय झालं ते कसं शोधायचं?

धोरणवाचक

मुदतीपासून सुरू करतो, कारण चांगल्या सूचना बहुतेक तिथेच वाया जातात. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्व खात्यांना कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण कळवलं. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. पण हे केंद्राचे कायदे आणि नियम यांच्यापुरतं आहे. राज्य सरकारवर ते बंधन नाही. शिवाय 'धोरण', 'मार्गदर्शिका', 'योजना' अशा नावाने आलेला कागद त्यात बसेलच असंही नाही. म्हणून ३० दिवस गृहीत धरू नका, १५ दिवसांत काम हातावेगळं होईल अशी आखणी करा.

मुदत वाढूही शकते. नव्या शैक्षणिक धोरणाचा ४८४ पानी मसुदा ३१ मे २०१९ ला जाहीर झाला, मुदत ३० जूनची होती, ती ३१ जुलैपर्यंत गेली. मुदतवाढ मागायची असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी मागा आणि ठोस कारण द्या, उदाहरणार्थ मसुदा गुजरातीत उपलब्ध नाही. शेवटच्या दोन दिवसांत केलेली मागणी कुणी बघत नाही.

आता वाचलं काय जातं. सूचना संकलित करणारा अधिकारी परिच्छेदवार तक्ता करतो: परिच्छेद क्रमांक, आलेली सूचना, विभागाचं मत. तुमच्या पत्रात परिच्छेद क्रमांक नसेल तर ते 'सर्वसाधारण अभिप्राय' या ढिगात जातं आणि तिथून वर येत नाही. म्हणून प्रत्येक मुद्दा चार ओळींत बसवा: परिच्छेद क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. नमुना म्हणून असं:

*सध्याचा मजकूर: 'शक्य तेथे अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू करता येईल.' सुचवलेला मजकूर: 'औद्योगिक वसाहतीपासून दोन किलोमीटरच्या आतील प्रत्येक अंगणवाडी समूहात किमान एक पाळणाघर असेल व ते पाळीच्या वेळेआधी अर्धा तास उघडेल.' कारण: त्या वसाहतीतल्या पाळीच्या वेळा आणि जवळच्या अंगणवाड्यांच्या वेळा यांचा तक्ता सोबत जोडला आहे.*

क्रियापदावर बारीक नजर ठेवा. 'करील' आणि 'करू शकेल' यांत मुलाच्या हक्काएवढं अंतर आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ बघा. ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' एवढंच ते म्हणतं, त्यामुळे ६ ते १४ वयाला जो हक्क आहे तो या मुलांना नाही. राज्यघटनेचं कलम ४५ सहा वर्षांपर्यंतच्या संगोपनाबद्दल 'प्रयत्न करील' यावर थांबतं. या दोन कलमांच्या पुढे जाणारं एक वाक्य जरी मसुद्यात आणता आलं तरी तुमच्या मंडळाचं काम सार्थकी लागलं.

बालवाडी_अंगण

वरच्या नमुन्यातलं 'कारण' हेच खरं काम आहे. ते मसुदा येण्याआधी गोळा करा, मसुदा आल्यावर त्याला वेळ पुरत नाही.

पहिली गोष्ट वेळ. केंद्राच्या पाळणा योजनेतलं पाळणाघर ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असतं, साधारण २५ मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. आता मकरपुऱ्याची आठ तासांची पाळी धरा, त्यावर अर्ध्या तासाची सुट्टी, जायला-यायला अर्धा-अर्धा तास. झाले साडेनऊ तास. म्हणजे योजना कागदावर होती तशी उतरली तरी रोज दोन तास मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. त्याच केंद्रीय मंत्रालयाने २०१८ मध्ये आस्थापनांमधल्या पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ८ ते १० तास आणि पाळीनुसार वेळ असं आहे. एकाच मंत्रालयाचे हे दोन कागद शेजारी ठेवा आणि वस्तीतल्या मुलाला कमी तास का, एवढंच विचारा. याहून मजबूत मुद्दा मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट जागा. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन आणि शिक्षण धोरणासोबतच्या गुणवत्ता निकषांत ३० मुलांना किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस आणि त्यावरच्या २० मुलांमागे एक असं प्रमाण आहे. टेप घेऊन मोजा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. निकषाने त्यात ९ मुलं बसतात. गॅस, धान्याचे डबे, वजनकाटा आणि कपाट यांनी ४ बाय ५ फूट अडवले असतील तर जेमतेम ८. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप आणि मुलांना खरोखर मिळणारं माप, दोन्ही लिहा. नुसतं 'जागा अपुरी' लिहिलं तर विभाग 'नोंद घेतली' म्हणून पुढे जातो.

हजेरी मोजताना एक चूक फार होते. मंगळवारी केंद्रावर मंगळदिवसाचे कार्यक्रम असतात, तेव्हा आया आणि बाळं मिळून गर्दी दिसते. तो दिवस टाळा, लसीकरण-तपासणीचा ममता दिवसही टाळा. साध्या दिवशी सकाळी मुलं आल्यावर एकदा आणि जेवणानंतर एकदा मोजा. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरची नोंद, पटावरचा आकडा आणि प्रत्यक्ष बसलेली मुलं हे तीन आकडे वेगवेगळे असतात, तिन्ही द्या. कार्यकर बेन (अंगणवाडी सेविका) आणि तेडागर बेन (मदतनीस) यांना आधी सांगून, त्यांना विश्वासात घेऊन जा. ही त्यांची तपासणी वाटली तर खरी माहिती मिळणार नाही आणि उद्या त्याच बाईंना नोटीस निघेल. केंद्राचं नाव लिहू नका, 'केंद्र अ', 'केंद्र ब' पुरे. मुलांची नावं आणि फोटो अजिबात नकोत.

प्रतापनगर_मंडळ

फार उपयोगी. सह्यांचं काय? दोनेकशे सह्या सहज मिळतील. आणि घरी पाळणाघर चालवणाऱ्या दोघींना भीती आहे की नवे नियम आले तर त्यांचं काम बंद पडेल.

धोरणवाचक

एकाच मजकुराची दोनशे पत्रं तक्त्यात एक ओळ होतात. त्यापेक्षा वेगवेगळ्या भूमिकांतून आठ-दहा पत्रं पाठवा: कामाला जाणारी आई, अंगणवाडीजवळची आजी, शिक्षिका, घरगुती पाळणाघर चालवणारी. प्रत्येकीने स्वतःला लागू होणाऱ्या दोनच परिच्छेदांवर लिहावं.

रावपुरा_कचेरी

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सूचनेच्या तक्त्यात सह्यांना वजन नाही हे खरं, पण आमदार आणि नगरसेवक यांच्याकडे जाताना त्याच सह्यांना वजन असतं. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यातला हिंदीचा उल्लेख काही दिवसांतच बदलला गेला तो तक्त्यामुळे नव्हे, राजकीय दबावामुळे. दोन्ही कामं करा, पण कागद वेगळे ठेवा. सह्यांचं निवेदन एकाच मागणीचं, एका पानाचं असावं.

घरगुती पाळणाघरांबद्दल: भीती रास्त आहे. निकष बहुतेक संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात, मग स्वतंत्र प्रवेशद्वार, सीसीटीव्ही, वेगळं स्वयंपाकघर अशा अटी दोन खोल्यांच्या घरालाही लागतात. 'नियम नकोत' असं मात्र लिहू नका, मुलांच्या सुरक्षिततेच्या विरोधात उभं राहिल्यासारखं दिसतं. 'घरगुती पाळणाघर' अशी वेगळी व्याख्या मागा: मुलांच्या संख्येला स्पष्ट कमाल मर्यादा, फक्त नोंदणी, वर्षातून एक भेट, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, गॅस सिलिंडर मुलांच्या खोलीबाहेर. या अटी तुमच्या दोघी आनंदाने पाळतील आणि त्या तपासताही येतात.

कुणाला पाठवायचं यात मोठी गफलत होते. गुजरातेत जून २०२३ पासून पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि ५ ते ६ ची मुलं बालवाटिकेत गेली. ती शिक्षण विभागाकडे. त्याआधीची अंगणवाडीतली मुलं महिला आणि बाल विकास विभागाकडे. कारखान्यातलं घोडियाघर, म्हणजे पाळणाघर, कामगार विभागाकडे. मसुदा एका खात्याने काढला असला तरी प्रत उरलेल्या दोघांना जाऊ द्या, नाहीतर 'हा विषय आमच्या कक्षेत नाही' हे उत्तर तयार असतं. शहरातल्या अंगणवाड्यांचा तपशील महापालिकेच्या आयसीडीएस (एकात्मिक बालविकास सेवा) शाखेकडे मिळतो, तालुक्यांतल्यांचा जिल्हा पंचायतीकडे. 'स्वागत' या सरकारी तक्रार निवारण कार्यक्रमात हे नेऊ नका, तिथे वैयक्तिक तक्रारी चालतात, धोरण नाही.

कारखान्याच्या पाळणाघराचा मुद्दा लिहिताना फक्त मातृत्व लाभ कायद्याची २०१७ ची दुरुस्ती उद्धृत केली तर पत्र जुनं दिसेल. ५० किंवा अधिक कर्मचारी असले तर पाळणाघर आणि आईला दिवसातून चार भेटी ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या कलम ६७ मध्ये आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पण ५० हा आकडा एकेका आस्थापनेचा आहे. वीस-तीस कामगारांच्या शेजारशेजारच्या दहा शेडमधल्या एकाही आईला तो लागू पडत नाही. तिथे वसाहतीचं सामायिक पाळणाघर मागा.

कार्यकर आणि तेडागर बेनांच्या बाजूने लिहिणार असाल तर दाहोदच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल जोडा. त्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू धरला आहे आणि अंगणवाडी हे कायद्याने नेमून दिलेलं काम करते असं म्हटलं आहे. 'त्या मानसेवी आहेत, कर्मचारी नाहीत' या सबबीला ते उत्तर आहे.

बालवाडी_अंगण

भाषेबद्दल राहिलं. राज्याच्या मसुद्यावर गुजरातीतच पाठवा. मराठी पत्र कुणी परत करणार नाही, पण भाषांतर होईपर्यंत तक्ता बंद झालेला असतो. मुद्दे मराठीत पक्के करा, मग गुजराती लिहिणाऱ्या एकीकडून उतरवून घ्या. टंकन श्रुतीसारख्या युनिकोड फॉन्टमध्येच हवं. एलएमजी अरुणसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ऑनलाइन फॉर्मात चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात. फॉर्मला अक्षरमर्यादा असते, म्हणून मुख्य मुद्दा फॉर्मात आणि तक्ते पीडीएफमध्ये.

घरच्या भाषेचा मुद्दा मराठी मंडळाने मांडला नाही तर कोण मांडणार? २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आठ वर्षांपर्यंत घरची भाषा हेच मुख्य माध्यम मानतो आणि घटनेचं कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय करायला सांगतं. मात्र 'मराठी अंगणवाडी हवी' ही मागणी टिकणार नाही, वस्तीत मुलं मिसळलेली असतात. टिकेल ती अशी: जिथे दुसऱ्या घरभाषेची मुलं ठरावीक संख्येवर आहेत तिथे त्या भाषेतली गाणी, गोष्टी आणि चित्रपुस्तकं केंद्रावर असतील, आणि भरतीत ती भाषा येणाऱ्या तेडागर बेनला प्राधान्य मिळेल. यात मराठीबरोबर सिंधी आणि राठवी बोलणारी मुलंही येतात, म्हणून मागणी जास्त न्याय्य होते.

रावपुरा_कचेरी

पाठवल्यानंतरचं: ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. हाताने दिलं तर प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या. मुदत संपल्यावर दोनेक महिने थांबून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'आमची सूचना का नाकारली' असं विचारू नका, कारणमीमांसा तयार करून देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. अस्तित्वात असलेला कागद मागा: आलेल्या सूचनांचं परिच्छेदवार संकलन, त्यावरचं विभागाचं टिपण, संबंधित बैठकीचं इतिवृत्त. अर्जात कलम ४(१)(क) आणि (ड) चा उल्लेख करा, धोरण ठरवताना सर्व संबंधित माहिती आणि निर्णयाची कारणं सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. उत्तराला ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. शुल्क केंद्राच्या कार्यालयाला १० रुपये, गुजरात सरकारच्या कार्यालयाला २०. सवयीने १० जोडले तर शुल्क अपुरं म्हणून अर्ज अडकतो आणि ३० दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.