मदत हवी आहे: एक्सेल फाइल उघडताना दर वेळी येणारी ‘लिंक अपडेट करायच्या का’ ही विचारणा कशी थांबवावी?

नमस्कार. आमच्या कार्यालयातील मासिक अहवालाची एक्सेल फाइल सामायिक ड्राइव्हवर असून ती विभागातील बरेच जण वापरतात. ती उघडली, की बाहेरील फाइलींशी जोडलेल्या लिंक अपडेट करायच्या का, असे विचारणारी चौकट दर वेळी पुढे येते. काही जण होकार देतात, काही नकार. त्यामुळे एकाच अहवालातील आकडे दोघांना वेगवेगळे दिसू शकतात आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

‘डेटा’ टॅबमधील ‘एडिट लिंक्स’मध्ये जाऊन, आता अस्तित्वात नसलेल्या एका जुन्या फाइलची लिंक ‘ब्रेक लिंक’ वापरून तोडली, तरीही फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर ती यादीत कायम असते. सेलमधील सूत्रांत त्या फाइलचे नाव शोधले, ‘नेम मॅनेजर’ही (सेलना दिलेल्या नावांची यादी) तपासला, दोन्हीकडे काही आढळले नाही. आता मुख्यतः डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय भरता येईल याचे नियम), कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार सेलचे रूप बदलणारे नियम) आणि चार्ट ही ठिकाणे तपासायची उरतात, पण शीट पुष्कळ असल्याने प्रत्येक नियम उघडून पाहणे फार वेळखाऊ आहे.

‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांतील विचारणेची खूण काढता येते हे ठाऊक आहे. मात्र ती सोय त्या वापरकर्त्यापुरतीच असते आणि मग लिंक न विचारताच अपडेट होतात, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

अशी दडलेली लिंक नेमकी कुठे आहे हे सर्व शीटमध्ये एकदम शोधण्याची खात्रीशीर पद्धत किंवा लहानसा मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) कोणी सुचवू शकेल का?