प्रतिसाद: बेनेलाँग आणि २००७

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड स्वतःच्या बेनेलाँग मतदारसंघात फक्त कामगार कायद्यांमुळे पडले, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. सिडनीचा हा मतदारसंघ १९४९ चा. तेव्हा लेन कोव्ह, हंटर्स हिल ही उपनगरं त्यात होती. सीमांच्या फेररचनांत तो पश्चिमेला सरकत गेला, ईस्टवुड-एपिंगकडे. ईस्टवुड स्टेशनच्या एका बाजूला चिनी दुकानं, दुसऱ्या बाजूला कोरियन. हे मतदार नवे होते.

शिवाय तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत हॉवर्ड आणि लेबर पक्षाच्या मॅक्सिन मॅक्यू दोघेही सुमारे ४५ टक्क्यांवर, हॉवर्ड किंचित पुढेच! बाद झालेल्या ग्रीन्स पक्षाच्या मतदारांच्या पुढच्या पसंत्यांनी मॅक्यू निवडून आल्या. आपल्यासारखी, सर्वाधिक मतं तो विजयी अशी मोजणी असती तर हॉवर्ड टिकले असते. २०२४ च्या फेररचनेत शेजारचा नॉर्थ सिडनी मतदारसंघ रद्द झाला आणि हॉवर्डच्या लिबरल पक्षाकडे झुकणारे लेन कोव्ह, हंटर्स हिल पुन्हा बेनेलाँगमध्ये आले. तरीही २०२५ मध्ये लेबरने जागा राखली.