हायस्कूलमधलं मोठं आजारपण आणि कॉलेजप्रवेश: नेमकी माहिती लिहा

अमेरिकेत नववी ते बारावीत मूल गंभीर आजारी पडलं, महिनोन्‌महिने शाळा बुडली, तर प्रवेशाचं काय होतं? धीर देणारे पुष्कळ भेटतात. इथे कागद, मुदती आणि हमखास होणाऱ्या चुका लिहा.

हायस्कूल कौन्सेलर (शाळेतले मार्गदर्शक)

आजारापेक्षा जास्त नुकसान करतो तो ट्रान्स्क्रिप्टवरचा (शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवरचा) कारण न दिलेला एफ, म्हणजे नापासाची ग्रेड. अर्ज वाचणाऱ्याला फक्त ते अक्षर दिसतं. म्हणून खरं काम अर्जाच्या वेळी नसतं, आजारपण चालू असतानाच असतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरांचं पत्र देऊन घरी किंवा हॉस्पिटलमध्ये शिकवण्याची सोय शाळेकडे लेखी मागा. 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिलेल्या पत्राने काम अडतं. अंदाजे किती आठवडे आणि दिवसाला किती तास अभ्यास झेपेल, हे त्यात हवं. घरी येणाऱ्या शिक्षकाचे तास मोजके असतात, एपी (कॉलेजच्या पातळीच्या) केमिस्ट्रीची लॅब त्यात बसत नाही. सहाही विषय ओढत नेऊन सगळ्यांत डी मिळवण्यापेक्षा तीन-चार ठेवा आणि बाकीचे वैद्यकीय कारणाने काढून घ्या. गणित आणि परकीय भाषा शक्यतो सोडू नका. पुढचा वर्ग आधीच्यावर उभा असतो, एक कडी तुटली की बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं अवघड होतं.

'इन्कम्प्लीट' (काम अपुरं म्हणून ग्रेड राखून ठेवणं) घेतलात तर काम पूर्ण करण्याची तारीख लेखी घ्या. ती उलटली की अनेक शाळांत त्याचा आपोआप एफ होतो. आजारातून उठलेल्या मुलावर जुना आणि नवा अभ्यास एकदम पडतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

५०४ प्लॅनचं काम पाहणाऱ्या

१९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टच्या कलम ५०४ खाली आजारी किंवा अपंग विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सवलती तोंडी ठरवू नका, त्यांचा लेखी प्लॅन करून घ्या. शाळेत प्लॅन आहे म्हणून एसएटीला (कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला) सवलत आपोआप मिळत नाही. ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे वेगळी विनंती करावी लागते आणि निर्णयाला सात आठवडे लागू शकतात. थकवा हीच अडचण असेल तर जादा वेळ मागून उपयोग नाही, परीक्षा आणखी लांबते. जादा विश्रांती मागा. सवलत घेतल्याची नोंद गुणपत्रिकेवर येईल ही भीती मनातून काढून टाका, ती येत नाही.

अर्ज आणि निबंध तपासणारे

कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात) अडचणी आणि परिस्थितीसाठी २५० शब्दांची वेगळी जागा आहे. आजारपण तिथे लिहावं: कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कोणत्या विषयांवर परिणाम, आता तब्येत कशी. सहा-सात वाक्यं पुरतात. ६५० शब्दांचा मुख्य निबंधही त्यावरच खर्च करायला हवा असं अजिबात नाही. त्या मुलाला आजारापलीकडेही काहीतरी आवडतं, ते कळू द्या.

कौन्सेलरच्या पत्रातल्या आणि मुलाने लिहिलेल्या तारखा जुळायलाच हव्यात. आजाराचं नाव सांगणं ऐच्छिक आहे, प्रवेशाआधी अपंगत्वाबद्दल विचारायला कॉलेजला कायद्याने मनाई आहे. कौन्सेलरने काय लिहावं आणि काय नको, हे घरी आधी ठरवून त्यांना लेखी कळवा. रिपोर्ट जोडू नका.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाबद्दल

तिथे जीपीए (ग्रेडची सरासरी) दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून काढतात. नववीतल्या आजारपणाने तो घसरत नाही, मात्र आवश्यक विषयांत किमान सी लागतोच. अर्जासोबत शिफारसपत्रं मागत नाहीत, त्यामुळे कौन्सेलर आपली बाजू मांडतील या भरवशावर राहू नका. स्पष्टीकरण विद्यार्थ्यानेच जादा माहितीच्या रकान्यात लिहायचं.

बारावीत आजार उलटला तर

मिळालेला प्रवेश सशर्त असतो, शेवटची ट्रान्स्क्रिप्ट तपासली जाते. विषय सोडण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, निकाल लागल्यावर नव्हे. वर्षभर प्रवेश पुढे ढकलता येतो का, तेही तेव्हाच विचारा. शाळेचा ५०४ प्लॅन कॉलेजला बांधील नसतो, तिथल्या डिसॅबिलिटी ऑफिसकडे विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा. कमी विषय घ्यायचे असतील तर आधी शिष्यवृत्तीच्या अटी वाचा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे सहसा सत्राला किमान १२ क्रेडिट, त्याखाली गेलं की आर्थिक मदत कमी होऊ शकते. आणि मूल १८ वर्षांचं झालं की डॉक्टरांशी बोलायला पालकांना त्याची लेखी संमती लागते. घर सोडण्याआधी ती सही करून घ्या.